खाडीत कयाक किंवा पॅडलबोर्ड भाड्याने घेताय? आधी तिथी बघा

कोकणात गेल्यावर नदीत तासभर कयाक चालवायची ठरली की फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा असतो आणि दुसरा फोटो कोण काढणार याचा. पाणी कधी भरतं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर सगळं त्यावरच अवलंबून असतं. आपण ज्याला नदी म्हणतो ती कर्ली, काजळी, शास्त्री किंवा वाशिष्ठी मुखापासून कित्येक किलोमीटर आतपर्यंत खाडीच असते. समुद्राचं पाणी तिच्यात दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. ज्या वळणावर सकाळी आठ वाजता दहा वर्षांची मुलगी मजेत वल्हवते, तिथेच दुपारी एक वाजता तिचा बाबा घामाघूम होऊनही जागचा हलत नाही. म्हणून आधी दिवस आणि वेळ ठरवा, मग जागा, आणि बोट सगळ्यात शेवटी. बुकिंग करताना बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

दिवस कसा निवडायचा

कोकण किनाऱ्यावर एका भरतीपासून पुढची भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते. त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. यावरूनच किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. पक्ष शुद्ध असो की वद्य, आकडा तोच. पूर्ण भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. या हिशोबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. त्यामुळे दिवस निवडायला तिथी वापरा, पण नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून घ्या.

वेळेइतकाच जोरही महत्त्वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्याच सहा तासांत जास्त पाणी वाहायचं असल्याने ओढही जास्त असते. अष्टमीच्या पुढेमागे भांग असते, तेव्हा सगळंच मवाळ.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. आपल्याला भरती सकाळी आठ-नऊच्या सुमारास हवी आणि पाण्याला ओढ कमी हवी. दशमीला भरती साडेसातला, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला. आणि भांग नुकतीच होऊन गेलेली. नवशिक्यासाठी महिन्यातले सगळ्यात चांगले दिवस म्हणजे दोन्ही पक्षांतल्या दशमी, एकादशी आणि द्वादशी. घरात कुणाचा उपास असला तर साबुदाण्याची खिचडी खाऊनच पाण्यात उतरा, उपाशीपोटी वल्हवू नका.

सकाळच का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारा असतो, नंतर काही वेळ वारा पडतो आणि पाणी अगदी गुळगुळीत होतं. दहा-साडेदहानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि दुपारभर वाढत जातो. हा वारा मुखाकडून आत वाहतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असेल तर वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात. कयाक त्यात थडथडते. पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या लांब फळीवर, असलेला माणूस तर शीडच होतो आणि वारा नेईल तिकडे जातो.

मोसमाचं थोडक्यात: मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय पावसाळ्यासाठी बंद ठेवले जातात. कुणी 'खाडीत आत चालतं' म्हणून न्यायला तयार असला तरी जाऊ नका. सप्टेंबरात नदीतून पावसाचं पाणी येत असतं आणि त्यासोबत ओंडकेही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. मार्च ते मे चालेल, पण साडेनऊपर्यंत काठावर परत.

जागा

देवबाग आणि तारकर्ली ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. बुकिंग करताना बोट खाडीच्या बाजूने सोडणार का, हे स्पष्ट विचारा. संगमाकडे आणि तिथल्या वाळूच्या बेटाकडे, ज्याला सगळे सुनामी आयलंड म्हणतात, दहानंतर जेट स्की आणि स्पीडबोटींची वर्दळ असते. त्यांच्या लाटा तुमच्या बोर्डला आडव्या येतात. तुम्ही वरच्या अंगाला, नारळीच्या बागा आणि कांदळवनाच्या कडेने जा. संगमावर तर ओहोटीत मुळीच जाऊ नका. नदी बाहेर ढकलते, समुद्र आत फुटतो आणि मध्ये सापडलेल्या बोटीला कुठलीच बाजू आपली नसते.

गर्दी नको असेल तर मालवणच्या उत्तरेची कोळंब खाडी, त्याच्या पुढची आचऱ्याची खाडी, रत्नागिरीजवळ काजळीची भाट्ये खाडी, दापोलीकडे आंजर्ल्याला समुद्राला मिळणारी जोग नदी, अशा जागा बघा. सगळीकडे भाड्याची कयाक मिळेलच असं नाही. जिथे उतरणार तिथल्या घरमालकाला विचारलं की कुणाकडे आहे ते दहा मिनिटांत कळतं.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या ठिकाणी फेरीबोटी चालतात. त्यांच्या वाटेत रेंगाळू नका. गाड्या भरलेली फेरीबोट तुमच्यासाठी थांबू शकत नाही. आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत, खेडला जगबुडीत, महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत. तिथे मोठ्या बोटीतून मगरी बघायला जरूर जा, बोर्डवर पाय सोडून बसायला नको.

कोलाडची कुंडलिका हे प्रकरणच वेगळं. तिथे भरती-ओहोटीचा संबंध नाही, भिऱ्याच्या जलविद्युत प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर नदी वाढते आणि उतरते. राफ्टिंगच्या खालच्या संथ पट्ट्यात कयाक मिळते, पण पाणी कधी सुटणार हे चालकालाच माहीत, त्यामुळे त्याने दिलेली वेळ पाळायची.

फोनवर काय विचारायचं

भाडं माणशी की बोटीमागे, तासाचं की फेरीचं, अनामत किती, हे विचारालच. त्याआधी हा प्रश्न टाका: "त्या दिवशी भरती कधी पुरी होते, आणि आम्ही किती वाजता यावं?" चांगला माणूस लगेच सांगतो, "नवाक भरती पुरी जातली, साडेसाताक येवा. धा नंतर वारो सुटता." असं उत्तर आलं की निम्मं काम झालं. "कधीही या, दिवसभर चालू असतं" म्हणणाऱ्याकडे कयाक असेल, पण खाडी त्याच्या ओळखीची नाही.

मग पुढचं. सोबत कुणी येणार का, आणि तो स्वतःच्या बोटीत असेल की काठावरून बघणार? कुणी अडकलं तर आणायला मोटरची होडी हाताशी आहे का? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का? वारा जास्त असेल तर पैसे परत की दुसरी वेळ? दिवाळी, नाताळ आणि मेच्या सुट्टीत या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घेतलेलं बरं.

कयाक की बोर्ड

पोहता येत नसेल तर कयाक, तीही दोघांची, आणि दुसरा माणूस जाणता. पोहता न येणाऱ्याने पॅडलबोर्डवर उभं राहू नये, लाइफ जॅकेट असलं तरी. बोर्डवरून पडणं हा त्या खेळाचाच भाग आहे आणि पाण्यात पडल्यावर घाबरणारा माणूस जॅकेट असूनही पाणी गिळतो.

भाड्याने मिळतात त्या बहुतेक वरून उघड्या, प्लॅस्टिकच्या कयाक. त्यांच्या तळाला आरपार भोकं असतात. त्यातून पाणी आत दिसलं तर दचकू नका, आलेलं पाणी तिथूनच निघूनही जातं. बघायचं असतं मागच्या टोकाचं बूच. ते घट्ट बसलेलं नसेल तर पोकळ अंगात पाणी भरत जातं आणि अर्ध्या तासाने बोट जड का झाली हे कळत नाही. काठावरच बोट हलवून आत पाणी डुचमळतंय का ऐका. दोघांच्या कयाकमध्ये जड आणि ताकदीचा माणूस मागे बसतो आणि वल्ह्याचा ताल पुढचा देतो. या एका गोष्टीवरून नवरा-बायकोत जितकी भांडणं होतात तितकी हॉटेलच्या बिलावरूनही होत नसतील, म्हणून कोण कुठे बसणार ते आधीच ठरवा.

बोर्ड नवशिक्याला साधारण दहा-अकरा फूट लांब आणि तीस इंचांहून रुंद हवा. हवेचा बोर्ड अंगठ्याने दाबून बघा, दबायला नको. त्यात साधारण बारा ते पंधरा पीएसआय दाब असतो, कमी असेल तर तो मध्ये वाकतो आणि तोल जातो. खालचा फिन, म्हणजे तळाचं माशाच्या परासारखं पातं, पक्का बसलाय का हेही पाहून घ्या. वल्ह्याची उंची: वल्हं उभं धरून हात वर केला की मनगट वाकवून मूठ वरच्या दांडीवर बसली पाहिजे. आणि लीश, म्हणजे बोर्ड अंगाला बांधणारी दोरी. ती घ्याच, कारण वारा रिकामा बोर्ड तुमच्या पोहण्याच्या वेगापेक्षा लवकर घेऊन जातो. वाहत्या पाण्यात, जिथे जाळ्यांचे खुंट आणि होड्यांच्या दोऱ्या आहेत, तिथे घोट्याऐवजी कमरेला बांधायची, एका झटक्यात सुटणारी लीश मागा. तसली नसेल तर खुंट-होड्यांपासून दूर, मोकळ्या पाण्यातच राहा.

लाइफ जॅकेट घालून सगळे बंद लावा आणि सोबत्याला खांद्यांवरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत आलं तर सैल आहे, बदला. मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवा. तुटक्या बकलाला सुतळी बांधलेलं जॅकेट कुणी पुढे केलं तर हसून परत द्या. निघण्याआधी बोटीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, अनामत परत घेताना जुन्या ओरखड्यांवरून वाद होत नाही.

अंगावर काय, बरोबर काय

पूर्ण बाह्यांचा पटकन सुकणारा टी-शर्ट, अर्धी पँट, दोरी लावलेली टोपी. जीन्स नको, ओढणी नको. चष्म्याला दोरी. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट. अनवाणी कधीच नको, कारण काठच्या खडकांना आणि जेटीच्या पायऱ्यांना कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी असते. मंगळसूत्र, अंगठ्या आणि गाडीची चावी घरमालकाकडे ठेवा. हल्लीच्या रिमोट चाव्या खाऱ्या पाण्यात एकदा बुडाल्या की संपल्या, आणि देवबागहून शोरूम लांब असतं. माणशी लिटरभर पाणी, गळ्यात शिटी, जलरोधक पाउचमध्ये मोबाइल. दारू आदल्या रात्रीची असली तरी सकाळचा बेत रद्द करा.

पाण्यात उतरल्यावर

एकादशीचा बेत धरू. भरती सव्वाआठला, म्हणजे सात वाजता बोट पाण्यात. पहिली दहा मिनिटं काठाजवळ, गुडघाभर ते कमरेइतक्या पाण्यात घालवा. पुढे जाणं, थांबणं, वळणं आणि मुद्दाम पडून परत चढणं, एवढं जमलं की निघा.

कयाकचं वल्हं डोक्यावर ठेवून दोन्ही कोपरं काटकोनात येतील एवढ्या अंतरावर धरा, पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. हाताने ओढू नका, कमरेतून वळा. पातं पावलाजवळ बुडवायचं आणि मांडीपाशी आल्यावर बाहेर काढायचं. त्याहून मागे नेलं तर नुसतं पाणी उचललं जातं आणि खांदे भरून येतात. वळायला लांब, अर्धगोल फटका. थांबायला दोन्ही बाजूंना आळीपाळीने उलटं.

बोर्डवर आधी गुडघ्यांवर बसा. चार-सहा वल्ही मारून बोर्ड चालता झाला की उभे राहा, कारण चालता बोर्ड थांबलेल्यापेक्षा स्थिर असतो. पावलं बोर्ड उचलायच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे किंचित सैल, नजर पुढच्या माडांवर. पायांकडे बघितलं की पडलात. बोर्डच्या वल्ह्याचं पातं दांड्याला तिरकं जोडलेलं असतं, तो तिरकेपणा पुढच्या दिशेला हवा. बरेच जण चमच्यासारखं समजून उलटं धरतात. पडताना बोर्डपासून दूर आणि आडवे पडा, उथळ पाण्यात सूर कधीच नाही.

परत चढताना बोटीच्या मधोमध, बाजूने या. पाय मागे पाण्याच्या पातळीवर आणून जोरात हलवा आणि पोट बोटीवर ओढून घ्या. कयाक असेल तर पोटावरून कूस बदलून बूड जागेवर आणि मग पाय आत. हे काठाजवळ जमलं नाही तर खोल पाण्यात जमणार नाही, तेव्हा त्या दिवशी काठाकाठानेच फिरा.

आता भरतीबरोबर वर, नदीच्या आतल्या अंगाला निघा. पाणी ढकलतंच आहे, तुम्ही फक्त दिशा द्या. मधल्या प्रवाहापेक्षा कड धरा, पण कांदळवनात अगदी घुसू नका. चिपी आणि तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि हवेच्या बोर्डचं पोट त्यावर फाटू शकतं. वल्हवणं थांबवून एखाद्या फांदीखाली मिनिटभर शांत राहिलात तर खंड्या दिसतो, चिखलावर एका मोठ्या नांगीचे खेकडे ती नांगी वरखाली करताना दिसतात, नशीब असलं तर पाणमांजरांची जोडी.

पाण्यात ओळीने रोवलेले खुंट किंवा तरंगणारे बोये दिसले की तिथे जाळं आहे असं समजा आणि लांबून वळसा घ्या. जाळ्यात वल्हं अडकलं तर तुमची पंचाईत, फाटलं तर कोळ्याचं नुकसान. कुणी पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकत असेल तर थांबा, त्याचा पाग पडू द्या, हात करा, मग पुढे जा. नांगरलेल्या होड्या आणि पुलाचे खांब यांच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिकडून पाणी येतंय तिकडे, कधीही थांबू नका. पाणी बोट त्यावर नेऊन आडवी दाबून धरतं. वाळू उपसलेल्या पट्ट्यात कमरेइतक्या पाण्यानंतर एकदम दोन पुरुष खोल खड्डा असू शकतो, म्हणून 'उथळ आहे' म्हणत मध्येच उतरू नका.

पाणी फिरलं हे घड्याळाआधी नांगरलेल्या होड्या सांगतात. वारा नसताना होडी प्रवाहाकडे तोंड करून राहते. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, तर भरती चालू आहे. होड्या कशाही वेड्यावाकड्या दिसल्या तर पाणी थबकलंय. तोंडं नदीच्या वरच्या अंगाला वळली की ओहोटी लागली, तुम्हीही वळा. ओहोटीचा पहिला तास हळू असतो, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जास्त ओढ असते. सहा तासांत जेवढं पाणी उतरतं त्यातलं जवळजवळ निम्मं या दोन तासांत जातं. त्याच्या आत काठावर असायला हवं. म्हणजे साडेनऊला बोट वर, दहाला घावणे आणि चहा.

काही बिनसलं तर

प्रवाह नेतोय असं वाटलं तर त्याच्या विरुद्ध झुंजू नका. जवळच्या काठाकडे तिरके वल्हवा, खाली कुठेही लागलात तरी चालेल. वारा वाढला तर बोर्डवर गुडघ्यांवर बसा, आणखी वाढला तर पालथे पडून हातांनी. उलटलात तर बोट सोडू नका, ती तुमच्यापेक्षा लवकर दिसते. मदतीसाठी वल्हं उभं धरून हलवा, शिटी तीन-तीनदा. फोन लागत असेल तर आधी बोटवाल्याला, मग ११२. मुखाबाहेर समुद्राकडे कुणी गेलं असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

ओहोटीत चिखलावर बसलात तर उतरून ढकलायचा मोह आवरा. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत सहज घेतो आणि चप्पल परत देत नाही. बोटीतच बसून हाक मारा. कालवाने पाय कापला तर गोड्या पाण्याने चोळून धुवा, आत कवचाचा तुकडा राहिलाय का बघा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बरीच वर्षं झाली असतील तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

सुट्टीत एकादशी येत नसेल तर

सुट्ट्या तिथी बघून मिळत नाहीत. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास पुरी होते आणि जोरात येते. तेव्हा जाऊन-येऊन फेरी न करता एकाच दिशेने जा: साडेआठला मुखाकडच्या जेटीवरून निघायचं, भरतीवर वरच्या गावात उतरायचं आणि बोटवाल्याच्या टेम्पोने परत. त्याचे थोडे जास्त पैसे द्यावे लागतात, ते द्यावेत. सप्तमी-अष्टमीला संध्याकाळची भरती सहाच्या आत-बाहेर असते, वारा पडत आला असेल तर साडेचारला निघून अंधाराआधी परतता येतं. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, ते लक्षात ठेवा. तृतीया-चतुर्थीला सकाळी पाणी पार उतरलेलं असतं आणि भरती वाऱ्याच्या वेळेला येते. त्या दिवशी स्वतः वल्हवायचा हट्ट सोडून वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात तिकडे चौकशी करा. वल्हं त्यांच्या हातात असतं आणि कुठल्या वेळी होडी सोडायची हे त्यांना पंचांग न बघताही कळतं.